नवी यंत्रे, नवे गाणे आणि आमचे छंद
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, इंदापूर येथे, विद्यार्थ्यांच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा समारंभ होतो, पारितोषिके वाटली जातात आणि त्यानंतर एखादे विद्वान वक्ते आम्हां विद्यार्थ्यांस चार उपदेशाचे शब्द सांगतात. यंदा मंडळाने हा क्रम उलटा केला आणि विद्यार्थ्यांनी बोलावे, वडील मंडळींनी ऐकावे असे ठरविले. विषयही मंडळानेच दिला : 'आजच्या विद्यार्थ्यांचे छंद'. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील, निरनिराळ्या महाविद्यालयांत शिकणारे आम्ही काही जण यासाठी दोन-तीन वेळा एकत्र बसलो. पुष्कळ वाद झाला, थोडे एकमत झाले. जेवढे एकमत झाले तेवढेच येथे मांडावयाचे आहे. वाचणारा एक असला तरी शब्द सर्वांचे आहेत, म्हणून या भाषणातील 'आम्ही' हा शब्द मोठेपणाने योजिलेला नसून खरोखरीच अनेकवचनी आहे, एवढे प्रारंभीच सांगून ठेवतो.

आमच्याविषयी घराघरांत कोणत्या तक्रारी होतात त्या आम्हांस पाठ आहेत. मुले दिवसभर कानात गोळ्या घालून बसतात. जे गाणे ऐकतात त्यास ना राग ना ताल. पुस्तक हाती धरवत नाही पण भ्रमणध्वनी हातचा सुटत नाही. आणि ज्या ज्ञातीच्या पूर्वजांनी देवळाच्या नगारखान्यात सनई-चौघडा वाजविला, त्या ज्ञातीची मुले आता विजेच्या पेटीवर बोटे आपटतात. यांपैकी पहिल्या तीन तक्रारी सर्वच समाजांत ऐकू येतात. चौथी मात्र आपल्या गुरव ज्ञातीची खास आहे, आणि तीच आम्हांस खरी बोचते. म्हणून पहिल्या तिन्हींचा परामर्श थोडक्यात घेऊन तिच्याकडे वळतो.

लोकप्रिय गाणे हे हलके असते, असे सरसकट म्हटले जाते. ज्या बारामतीत आम्ही शिकतो त्या बारामतीचाच दाखला देतो. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंतांनी आपले आयुष्य काढले आणि १७९४ मध्ये तेथेच देह ठेवला. पंडित कवींचे मुकुटमणी अशी त्यांची ख्याती. त्यांची आर्या समजावयास आजही टीकेचा आधार घ्यावा लागतो. पण ती आर्या सामान्य श्रोत्यांच्या कानांपर्यंत नेली कोणी? परंपरा सांगते ती अशी की, सोलापूरच्या रामजोशांनी. हे रामजोशी लावणी रचणारे, तमाशाच्या फडात उभे राहणारे, म्हणजे त्या काळच्या प्रतिष्ठितांच्या दृष्टीने वाया गेलेले गृहस्थ. त्यांची असामान्य रचनाशक्ती पंतांनी ओळखली, त्यांस कीर्तनाकडे वळविले आणि पुढे रामजोशांच्या कीर्तनांतून पंतांच्या आर्या गावोगाव गाइल्या गेल्या. पंडितांचे काव्य लोकांत गेले ते तमाशाच्या वाटेने आलेल्या गळ्यातून! हे उदाहरण आठवले म्हणजे 'हलके' आणि 'भारी' यांमधील भिंत आम्हांस तितकीशी पक्की वाटत नाही.

छंदाविषयीही पंतांचीच साक्ष काढावी. त्यांनी एकशेआठ रामायणे रचिली असे म्हणतात. त्यांत एक 'निरोष्ठ रामायण' आहे. ओठाला ओठ लागेल असा एकही वर्ण त्यात येऊ द्यावयाचा नाही, म्हणजे 'राम' या नावातील मकारसुद्धा वर्ज्य! रामाची कथा सांगावयाची आणि रामाचे नाव टाळावयाचे, हा खेळ नव्हे तर काय? भक्ती होतीच, परंतु अक्षरांशी खेळण्याचा निखळ छंदही होता. आज एखादा विद्यार्थी रात्री जागून संगणकावर तालाचे तुकडे जुळवीत बसतो तेव्हा त्याच्या बोटांत तीच ओढ असते. त्याचे फळ पंतांच्या तोडीचे असते असा आमचा दावा नाही. (सनई वाजविणाऱ्यास मात्र निरोष्ठ व्रत परवडणार नाही, असा विनोद आमच्या बैठकीत झाला तो येथे नोंदवून ठेवतो.)

छंदाने पोट भरत नाही, हेही वचन नेहमी ऐकावे लागते. याच तालुक्यात भिगवणजवळ कुंभारगाव व डिकसळ या गावांच्या बाजूस उजनीचे पाणी पसरलेले आहे. हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि ते पाहावयास दूरदूरची माणसे येतात. त्यांस नावेतून नेऊन पक्षी दाखविणारे, त्यांची नावे सांगणारे तरुण बहुतेक मासेमारी करणाऱ्या घरांतील आहेत. पक्षी ओळखण्याचा नाद लागला म्हणूनच हा व्यवसाय उभा राहिला. शास्त्राच्या पुस्तकाआधी डोळ्यांना लागलेली सवय उपयोगी पडली.

आता यंत्राकडे येतो. 'नवीन यंत्र आले की जुने गाणे बुडाले' असे म्हणणाऱ्यांनी आपल्या भजनातील पेटीकडे पाहावे. पायपेटी युरोपातून आली. कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला हाताचा भाता लावून बैठकीत मांडीजवळ आणून ठेविले. मींड या वाद्यावर निघत नाही, दोन स्वरांमधील बारीक श्रुती त्यात सापडत नाहीत, या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीस बंदी केली आणि ती सैल व्हावयास १९७१ साल उजाडावे लागले. आक्षेप खोटा नव्हता. पेटीवर मींड खरोखरच निघत नाही. तरीसुद्धा आज पेटीवाचून भजनी मंडळ शोधून दाखवावे! मिरवणुकीतील बेंजोचीही कथा अशीच आहे. जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये तयार झालेले 'तैशोगोतो' नावाचे कळांचे वाद्य हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले, त्यास वीज जोडली गेली आणि ते गणपतीच्या मिरवणुकीत मराठी होऊन बसले. त्यास कोणी परके म्हणत नाही. तेव्हा आमच्या विजेच्या पेटीस जन्माच्या गावावरून दोष देऊ नये, एवढीच विनंती.

मात्र यंत्र निर्दोष आहे असेही आम्ही म्हणत नाही. यंत्र गाण्याचा नुसता हमाल नसते; ते गाण्यास कापते आणि शिवते. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाची मोठी मोहीम १९०२ मध्ये झाली आणि गोहरजान यांचा आवाज तबकडीवर उतरला. त्या तबकडीच्या एका बाजूस तीनएक मिनिटे मावत. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत आटोपता घ्यावा लागला. पुढे आपले भावगीतही सुमारे तेवढ्याच मापाचे झाले. नभोवाणीने निराळी शिस्त आणली. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ पासून तेथून गदिमा व सुधीर फडके यांचे गीतरामायण वर्षभर प्रसृत झाले. छप्पन गीते, आठवड्यास एक. संपूर्ण आठवडा पुढच्या गीताची वाट पाहावयाची, हे सुख आमच्या पिढीच्या वाट्यास आले नाही. याच केंद्राच्या साहाय्याने १९५६ मध्ये पुणे जिल्ह्यासह पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि ठरेल ते करून पाहावे, अशी योजना होती. नवे यंत्र माणसांना एकटे पाडते असे म्हणतात. त्या यंत्राने तर त्यांस एका पारावर बसविले. बारामतीत पुढे 'वसुंधरा वाहिनी'सारखे सामुदायिक नभोवाणी केंद्र निघाले, ते याच कल्पनेच्या कुळातले.

कॅसेट आली आणि चक्र पुन्हा फिरले. स्वस्तात मुद्रण होऊ लागल्याने मुंबईच्या मोठ्या कंपन्यांचा दरवाजा न ठोठावता गावोगावचे गायक, शाहीर, भजनी लोकांपुढे आले. प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज एसटीच्या स्थानकापासून देवळाच्या ओट्यापर्यंत जो पोहोचला त्यात कॅसेटचा वाटा मोठा. आज भ्रमणध्वनीत मुद्रणशाळाच सामावली आहे. पण त्यासोबत अर्ध्या मिनिटाचे गाणे आले. आरंभीच्या चार मात्रांत पकडले नाही तर ऐकणारा बोटाने पुढे ढकलतो. आमच्यापैकी बहुतेकांस ही सवय लागली आहे. ती वाईट आहे असे आम्हांसही वाटते. ख्यालाची आलापी तर दूरच, संपूर्ण अभंगसुद्धा शेवटपर्यंत ऐकण्यास आता मनास मुद्दाम बांधून घ्यावे लागते.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण उजनीच्या पलीकडल्या तीरावरचे आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ मध्ये आला. संगीत अजय-अतुल यांचे. या बंधूंचे बालपण वडिलांच्या नोकरीमुळे आपल्याच पुणे जिल्ह्यात गावोगाव गेले. त्या चित्रपटाच्या वाद्यमेळाचा काही भाग त्यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील सोनी कंपनीच्या मुद्रणशाळेत पाश्चात्त्य वादकांकडून वाजवून घेतला आणि त्याच चित्रपटात 'झिंगाट'ही दिले. व्हायोलिनांचा ताफा आणि वरातीचा ठेका एका चित्रपटात सुखाने नांदले. वडील मंडळींस 'झिंगाट' आवडत नसेल, ते आम्ही समजू शकतो. परंतु लग्नाच्या मांडवात त्यावर नाचण्यात नुसतीच मुले होती, असे आमच्या पाहण्यात आलेले नाही.

जगद्गुरू तुकोबारायांची पालखी आषाढात बारामतीवरून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत या इंदापुरात येते. काटेवाडीस मेंढ्या पालखीभोवती धावतात, बेलवाडीस अश्वांचे गोल रिंगण होते. त्या गर्दीत शेकडो हात भ्रमणध्वनी उंच धरून उभे असतात आणि रिंगण डोळ्यांनी पाहण्याऐवजी काचेतून पाहतात, हे दृश्य आम्हांसही बरे वाटत नाही. पण तेथेच पखवाजावर थाप पडली की तोच हात खिशात जातो आणि टाळी वाजू लागते, हेही आम्ही पाहिले आहे. आणखी एक गंमत. दिंडीत कित्येक अभंगांच्या चाली कोठे तरी ऐकल्यासारख्या वाटतात. नीट कान दिला तर त्या जुन्या चित्रपटगीतांच्या निघतात. वारकऱ्यांस त्याचे ओझे वाटत नाही.

आता चौथी तक्रार. आपल्या ज्ञातीची सनई.

सनई कशी वाजते हे या सभेत सांगण्याचे धाडस करू नये. तथापि आमच्या वयाच्या कित्येकांस ते ठाऊक नाही, म्हणून सांगतो. पाण्याने ओली केलेली दुहेरी पत्ती ओठांत धरावयाची, श्वास नाकाने आत घेताना गालांत साठविलेली हवा बाहेर सोडीत राहावयाची, म्हणजे सूर तुटत नाही. भोके अर्धी उघडून, ओठ कमी-अधिक आवळून एका स्वरातून दुसऱ्यात असे उतरावयाचे की मधला जिना दिसू नये. जी मींड पेटीस साधत नाही ती येथे साधते. शेजारी 'सूर' धरणारा बसतो. त्याने तास-तासभर एकच स्वर अखंड ठेवावयाचा. त्यास टाळ्या पडत नाहीत. परंतु तो थांबला तर मैफल विसकटते. नव्या यंत्रांनी पहिला घाला या माणसावर घातला. कारण एकच स्वर धरून ठेवणे ही गोष्ट विजेच्या सुरपेटीस फार सोपी.

दुसरा घाला ध्वनिक्षेपकाने घातला. बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी लाल किल्ल्यात वाजली. पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी सनईस मैफलीत मान मिळवून दिला. मान वाढला आणि काम घटले! कारण खाँसाहेबांची तबकडी, पुढे कॅसेट, आणि आता भ्रमणध्वनीतील धून मांडवात लावली की मंगलकार्य साजरे होते. इतर समाजांचे राहू द्या. आपल्याच ज्ञातीच्या किती लग्नांत गेल्या काही वर्षांत जिवंत सनई वाजली, हा प्रश्न आम्ही विद्यार्थी नम्रपणे वडील मंडळींस विचारतो. मुलांनी वाद्य सोडले असे म्हणतात. मांडवातून वाद्य आधी गेले, मग मुलांच्या हातून गेले. ज्या घरी सुपारी येत नाही, त्या घरचा मुलगा पहाटे उठून पत्ती ओली कशासाठी करील? आणि जेथे सनईची सुपारी परवडत नाही असे सांगितले जाते, तेथेच वरातीस भल्या मोठ्या भिंतीएवढे ध्वनिक्षेपक येतात. २००० सालच्या नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. ती कोठे आणि वरातीचा दणका कोठे!

तिसरा घाला सध्या पडतो आहे आणि तो सर्वांत नवा आहे. चार शब्द लिहून दिले की गाणे तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आता विद्यार्थ्यांच्या हाती आहेत. आम्ही त्यांस 'सनई-चौघडा, पहाटेचा राग' असे सांगून पाहिले. जे आले ते ऐकावयास गोड होते आणि आमच्यातील जाणत्यांनी ते कोणत्याच घरचे नाही असे लगेच ओळखले. पण न जाणणाऱ्यांस ते चालून जाईल, हीच काळजीची गोष्ट आहे. या यंत्रांविषयी आमचे मत एकतर्फी नाही. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानाने उसाच्या शेतीत हेच शास्त्र वापरले. उपग्रहाची चित्रे, हवामान व मातीतील ओलावा यांवरून पाणी केव्हा व किती द्यावे याचा सल्ला शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर येऊ लागला आणि मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांनी २०२५ मध्ये त्याचा जाहीर उल्लेख केला. आमच्या पाहण्यातल्या काही घरांस त्याचा उपयोग झाला आहे. तेथे यंत्र ज्या शेताचे मोजमाप घेते, सल्ला त्याच शेतास मिळतो. गाण्यात मात्र ज्यांच्या आवाजावरून यंत्र शिकले त्यांस कोणी विचारीतही नाही. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राद्वारे वापरले, तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांची संमती घेतली व मोबदला दिला, असे त्यांनी जाहीर केले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. नामांकितांसाठी न्यायालय आहे. खेड्यातील सनईवाल्याचे घराणे यंत्राने उचलले तर तक्रार करावयास निदान आपली म्हणून एखादी नोंद तरी हवी, आणि ती आपल्याजवळ नाही.

येथे आम्हांस आपल्याच ज्ञातीतील एका थोर पुरुषाची आठवण होते. भीमेपलीकडे माढा तालुक्यात अरण येथे सावता महाराज मळ्यात अभंग म्हणत आणि काशिबा गुरव ते लिहून घेत, असे संप्रदाय सांगतो. आज सावतोबांचे अवघे तीसपस्तीसच अभंग हाती आहेत. काशिबा नसते तर तेवढेही नसते. त्यांच्या हातातील लेखणी हे त्या काळचे ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते. आज आमच्या प्रत्येकाच्या खिशात त्याहून शतपटीने समर्थ लेखणी आहे आणि आम्ही तिच्यात काय साठवितो हे वडील मंडळी जाणतातच.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन देऊळ पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले म्हणजे शिखर, मग गाभारा दिसू लागतो. आमचे मित्र तेथे जाऊन चित्रफिती घेतात. दगड पुन्हा वर येतो. त्या देवळापुढे पहाटे काय वाजत असे, ते मात्र कितीही पाणी ओसरले तरी वर येणार नाही.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांनी आपसात एक गोष्ट ठरविली आहे आणि तिला मंडळाची अनुमती हवी आहे. या दोन तालुक्यांत आपल्या ज्ञातीत सनई, चौघडा किंवा पखवाज वाजविणारे जे वृद्ध वादक हयात आहेत, त्यांच्या घरी जाऊन त्यांचे वादन संपूर्ण, अर्ध्या मिनिटाचे तुकडे न पाडता, मुद्रित करावयाचे. कोणत्या प्रहरी काय वाजवीत, काकड्यास कोणती चाल, लग्नात वधू मांडवात येताना कोणती, हे त्यांच्याच तोंडून नोंदवावयाचे. मुद्रणावर त्यांचे नाव, गाव व गुरूचे नाव राहील आणि त्यांच्या लेखी परवानगीवाचून ते कोणासही दिले जाणार नाही. मुद्रणाचे व नोंदींचे काम आम्ही करू. विजेच्या पेटीवर ज्यांची बोटे चालतात त्यांनाच स्वरलेखनाचे काम दिले आहे, कारण त्यांस ते चांगले येते.

मंडळाकडून आम्ही तीन गोष्टी मागतो. विद्यार्थी वसतिगृहातील एक खोली सायंकाळी दोन तास वादनासाठी मिळावी; सध्या तेथे पत्ती तोंडास लावली की शेजारच्या अभ्यासिकेतून तक्रार येते आणि ती तक्रार वाजवीच असते. शिष्यवृत्तीच्या निधीतून वर्षाकाठी निदान दोन मुलांस, आणि मुलींसही, एखाद्या वृद्ध वादकाकडे शिकण्यासाठी प्रवासखर्च मिळावा व त्या गुरूस मानधन मिळावे. मुलींचा उल्लेख मुद्दाम केला आहे. आमच्या बैठकीत शिकण्याची तयारी प्रथम त्यांनीच दाखविली. आणि मंडळाच्या सामुदायिक विवाहसोहळ्यात येत्या वर्षापासून मुद्रित धून न लावता वादकांस बोलवावे. वरातीत 'झिंगाट' वाजेल. त्यास आमची हरकत नाही, किंबहुना त्यात आम्हीही असू. अक्षतांच्या वेळी मात्र सनई माणसाने वाजवावी.

ज्यांच्या घरी जुनी सनई, सूर, चौघड्याची जोडी किंवा जुन्या कॅसेट माळ्यावर पडून असतील, त्यांनी सभा संपताच दाराजवळच्या मेजावर ठेविलेल्या वहीत आपले नाव व गाव लिहावे. कॅसेटला बुरशी आली असली तरी टाकू नये. ती साफ करून ऐकण्याची तजवीज आम्ही केली आहे. दोन नावे आजच सकाळी आली, एक निमगाव केतकीहून व एक बारामतीहून, आणि त्यांपैकी एक आजोबा येथे पहिल्या रांगेत बसले आहेत. अध्यक्षमहाशयांची आज्ञा झाल्यास भोजनापूर्वी त्यांनी भूपाळी वाजवावी अशी आम्ही त्यांस विनंती केली आहे. वाद्य त्यांनी सोबत आणिले आहे.